खोगीरभरती : घोड्याच्या दुखऱ्या पाठीचा इतिहास

१/
'खोगीरभरती' हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो. ग्रंथात निरर्थक पाने वाढवली, कचेरीत बिनकामाची माणसे घेतली, की ती खोगीरभरती. मात्र हा शब्द ज्या पागेतून आला, तिथे या भरतीला फार मोल होते. खोगिरात काय भरले, किती भरले आणि ते वेळेवर बदलले की नाही, यावर घोड्याची पाठ अवलंबून असे. आणि घोड्याच्या पाठीवर सारी मोहीम. दुखऱ्या पाठीच्या घोड्यासाठी सुखाचे खोगीर शोधण्याचा खटाटोप माणूस अडीच हजार वर्षे करत आला आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
आधी शब्दांकडे पाहू. 'खोगीर' हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ घाम धरणारा, घाम शोषणारा. म्हणजे जीन आणि पाठ यांच्यामध्ये घालायचा जाड थर. मराठीत तोच शब्द भरीव गादीच्या संपूर्ण बैठकीला चिकटला. जीन, तंग, रिकीब, लगाम हे शब्दही फारसीच्याच वाटेने आपल्याकडे आले. यांपैकी तंग म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा आणि रिकीब म्हणजे पाय ठेवण्याचे कडे. पुढे हे शब्द वारंवार येतील, म्हणून एवढी ओळख पुरे.

३/
आता घोड्याची पाठ समजून घेऊ. ती समजल्याशिवाय हा इतिहास कळत नाही. घोड्याच्या छातीच्या भागात १८ मणके आणि बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. कण्याच्या टोकांवर कातड्याखेरीज फारसे काही नसते. कण्याच्या दोन्ही अंगांनी मात्र लांबच लांब स्नायू पसरलेले असतात आणि त्यांना खालून बरगड्यांचा आधार असतो. स्वाराचे ओझे पेलण्याजोगी जागा एवढीच. पुढे खांद्याची हाडे चालताना सरकतात, मागे शेवटच्या बरगडीनंतर कंबर निराधार असते. म्हणजे प्रचंड दिसणाऱ्या या जनावराच्या पाठीवर बसण्यालायक जागा अगदी मोजकी आहे.

४/
त्या जागेवरही ओझे नीट विभागले गेले नाही, तर काय होते? एका ठिकाणी दाब वाढला की तेथील बारीक रक्तवाहिन्या मिटतात. स्नायूला रक्त मिळत नाही. तो आधी हुळहुळा होतो, मग ताठतो. कातडी सुजते. दाब तसाच राहिला तर कातडीचा तुकडा मरतो आणि तिथे व्रण होतो. जखम भरून आली तरी अनेकदा त्या जागी पांढरे केस उगवतात. काळ्या किंवा तांबड्या घोड्याच्या पाठीवरचा तो पांढरा ठिपका म्हणजे कुणाच्या तरी निष्काळजीपणाची कायमची नोंद.

५/
घोडा बोलत नाही, तरी तक्रार करतो. खोगीर दिसताच कान मागे टाकतो, तंग आवळताना चावायला वळतो, स्वार बसताच पाठ खाली दडपतो, पाऊल आखूड टाकतो. अनाडी स्वार त्याला खोडकर ठरवून चाबूक उचलतो. जाणता स्वार खोगीर उतरवतो आणि कण्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात फिरवून पाहतो. जिथे अंग चोरले जाते, तिथे दुखणे आहे. दुसरी खूण घामाची. दौडीनंतर पाठ सगळीकडे ओली आणि मध्येच एक कोरडा डाग दिसला, तर बहुधा तिथे दाब इतका होता की घामही फुटला नाही.

६/
या प्रश्नाची जाण फार जुनी आहे. ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफोन याने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अश्वविद्येवर एक पुस्तक लिहिले. त्या काळी ग्रीक लोक उघड्या पाठीवर किंवा कापडावर बसत. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेली 'दुहेरी' पाठ बसायला सुखाची असते, असे तो सांगतो. पाठीवरचे कापड असे शिवावे की स्वाराची बैठक पक्की राहील आणि घोड्याची पाठ सोलली जाणार नाही, हेही तो बजावतो. एकाच वाक्यात त्याने दोन हिशेब मांडले : स्वाराचा आणि घोड्याचा. पुढचा सगळा इतिहास या दोन हिशेबांच्या ओढाताणीचा आहे.

७/
त्याच सुमारास आशियाच्या गवताळ प्रदेशात उत्तर शोधले जात होते. चीनच्या तुर्फान खोऱ्यातील यांगहाय येथे एका स्त्रीच्या थडग्यात चामड्याचे खोगीर सापडले. त्याचे वय सुमारे २,४०० ते २,७०० वर्षे. सायबेरियातील अल्ताय पर्वतात पाझिरिक येथील बर्फाने जपलेल्या थडग्यांतही अशीच खोगिरे मिळाली. त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. दोन उशा, एक कण्याच्या डावीकडे, एक उजवीकडे; आत केस किंवा गवत भरलेले. कण्यावर ओझे येऊ द्यायचे नाही, हे तत्त्व त्या अनाम कारागिरांना पूर्णपणे कळलेले होते.

८/
उशांच्या खोगिराला एक मर्यादा होती. ओझे स्वाराच्या बैठकीखालीच गोळा होई. आणि रिकीब आल्यावर दोन्ही पायांचा भार एकाच जागी ओढू लागला. यावर उपाय म्हणून लाकडी सांगाडा आला. मंगोलियातील एका गुहेत सापडलेले, इ.स. ४०० च्या आसपासचे खोगीर बर्चच्या लाकडाचे तुकडे जोडून केलेले आहे. कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन लांब फळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या पुढच्या-मागच्या कमानी. आता स्वाराचा भार त्या फळ्यांच्या सगळ्या लांबीवर पसरू लागला. कमरेला भाला दाबून धडक मारणे, रिकिबीत उभे राहून बाण सोडणे, हे सारे सोपे झाले.

९/
या सुधारणेतच पुढचे दुखणे दडलेले होते. लाकूड ताठ असते. पाठ जिवंत असते. ती हलते, वळते आणि मुख्य म्हणजे तिचा आकार बदलतो. चांगल्या चाऱ्यावर घोडा भरतो, उपासमारीत आणि श्रमात वाळतो. मांस झडले की जो सांगाडा महिन्यापूर्वी नेमका बसत होता, तोच खाली सरकून कण्यावर टेकतो. सांगाडा अरुंद असेल तर खांद्यामागे चिमटे घेतो. रुंद असेल तर मानेच्या मुळाशी असलेल्या उंच हाडावर आदळतो. मध्ये पोकळ राहिला तर चार कोपरेच सगळा भार घेतात. ताठ लाकूड आणि बदलती पाठ यांच्यामधली ही फट भरायची कशाने? भरतीने. खोगीरभरतीचे खरे काम हेच.

१०/
आता महाराष्ट्रात येऊ. शिवकालीन घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि सरंजाम घेऊन येई. बारगिराचा घोडा पाठीने जायबंदी झाला, तर नुकसान दौलतीचे. शिलेदाराचा झाला, तर त्याचा प्रपंचच धोक्यात. घोडा गेला की शिलेदारीही गेली. घोड्याच्या पाठीवरची सूज ही त्याच्यासाठी घरातल्या चुलीपर्यंत पोहोचणारी गोष्ट होती.

११/
कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार. आणि दर २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि खूर यांची सोय इतक्या लहान तुकडीच्या पातळीवर लावलेली होती. पावसाळ्यात लष्कर मुलखात परतून छावणीत राही. तिथे दाणा, चारा, औषधे आणि घोड्यांसाठी निवारा यांची आधीच तयारी असे. दसऱ्यानंतर लष्कर पुन्हा मुलूखगिरीस निघे. या चक्राची राजकीय आणि हवामानाची कारणे आपण वाचतो. पाठीच्या दृष्टीने पाहिले, तर खोगिराखाली आठ महिने रगडलेल्या स्नायूंना मिळालेली ती चार महिन्यांची विश्रांतीच होती.

१२/
या व्यवस्थेमागचा विचार चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांच्या काळात १९ मे १६७३ रोजी गेलेल्या प्रसिद्ध पत्रात दिसतो. रयतेच्या पिकाला धक्का लावू नये, हा त्याचा भाग सर्वांना ठाऊक आहे. त्याच पत्रात घोड्यांचा हिशेबही आहे. साठवलेला दाणा-वैरण आताच मनमानी उधळली, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा इशारा त्यात आहे. चारा संपला की मांस झडते, मांस झडले की खोगीर लागते. पाठ राखण्याची सुरुवात कोठीतून होते.

१३/
आता सुमारे एकशे चाळीस वर्षे पुढे, युरोप आणि अमेरिकेत. १८१२ च्या जूनमध्ये नेपोलियनच्या सैन्याने नेमन नदी ओलांडून रशियात प्रवेश केला, तेव्हा त्याच्याबरोबर दीड लाखाहून अधिक घोडे होते. म्यूराच्या नेतृत्वाखालील घोडदळाला सतत पुढे रेटण्यात आले. खोगिरे तासन्‌तास, दिवसेंदिवस उतरत नव्हती, चारा अपुरा होता. हजारो घोडे पहिल्या मोठ्या लढाईच्या आधीच निकामी झाले. रशियाच्या थंडीने नेपोलियनचा घात केला, असे आपण म्हणतो. त्याचे घोडदळ मात्र उन्हाळ्यातच खचू लागले होते.

१४/
अशा अनुभवांनंतर सैन्ये 'आदर्श जीन' शोधू लागली. अमेरिकेचा जॉर्ज मॅक्लेलन १८५५-५६ मध्ये युरोपातील सैन्ये पाहून परतला आणि त्याने सुचवलेले जीन १८५९ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारले. कच्च्या चामड्याने मढवलेला हलका लाकडी सांगाडा आणि मधोमध, कण्यावर, सरळ उघडी फट. त्यात भरती नव्हतीच. ते काम खाली घातलेल्या घडीच्या कांबळ्याने करायचे. त्यामुळे ते स्वस्त आणि सुटसुटीत झाले आणि विसाव्या शतकात घोडदळ संपेपर्यंत टिकले. ज्या घोड्याच्या पाठीला ते बसे, त्याला ते वरदान होते. अंगाने रुंद घोड्याला तेच जीन काचत असे, आणि चामडे उकलले की त्याच्या कडा पाठीत रुतत.

१५/
१८९१ मध्ये ब्रिटिश लष्करी पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ याने खोगीर आणि पाठीच्या जखमा यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पाठ लागणे हे दैव नाही, शिपायाचा नशिबाचा भोग नाही. त्याची कारणे शोधता येतात आणि बहुतेक टाळता येतात, ही त्याची भूमिका. दाब आणि घर्षण ही दोन मूळ कारणे. भार बरगड्यांवरील स्नायूंवर यावा, कणा मोकळा राहावा, खांदे हलावेत, कमरेवर काही टेकू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : घोडा वाळला की खोगीर पुन्हा बसवून पाहावे. वैद्यकाच्या भाषेत त्याने तेच सांगितले, जे जाणते मोतद्दार आपल्या हातांनी ओळखत आले होते.

१६/
त्याचे म्हणणे किती खरे, हे दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९-१९०२) दिसले. घोडे अमेरिका, अर्जेंटिना, हंगेरी, ऑस्ट्रेलिया येथून जहाजांनी आणले गेले. आठवडेच्या आठवडे बोटीत उभे राहून अशक्त झालेल्या या जनावरांना विश्रांती न देता स्वार आणि सामान मिळून सुमारे १२५ किलो ओझ्याखाली पिटाळण्यात आले. मांस झडले, जिने सैल झाली, पाठी फुटल्या. ब्रिटिश बाजूचे तीन लाखांहून अधिक घोडे या युद्धात गेले. त्यांतले फार थोडे शत्रूच्या गोळीने मेले. बहुतेकांना उपासमार, रोग आणि अतिश्रमाने संपवले. या युद्धाचा पशुवैद्यकीय इतिहास पुढे स्मिथनेच लिहिला.

१७/
या धड्यातून १९१२ चे ब्रिटिश लष्करी जीन घडले. त्याच्या बाजूच्या फळ्या कमानीला घट्ट जखडलेल्या नव्हत्या; त्या थोड्या फिरत आणि पाठीचा उतार बदलेल तशा स्वतःला जुळवून घेत. खाली जाड नमदा आणि कांबळे. घोडा वाळला की कांबळ्याची घडी वाढवायची. हा नमदा आपल्या ओळखीचा आहे. इंग्रजांनी तो शब्द हिंदुस्थानातच उचलला आणि 'नम्ना' असा करून आपल्या कोशात घातला. एखाद्या जागी पाठ दुखरी असेल, तर नमद्याचा नेमका तेवढा भाग कापून पोकळी ठेवत; म्हणजे आजूबाजूचे निरोगी स्नायू भार घेत आणि दुखऱ्या जागेला हवा मिळे.

१८/
पण जीन सुधारले म्हणून पाठ वाचतेच असे नाही, हे १९१४ च्या ऑगस्टने दाखवले. जनरल सोर्डेचे फ्रेंच घोडदळ बेल्जियममध्ये शिरले आणि रणरणत्या उन्हात दिवसेंदिवस दौडत राहिले. स्वार क्वचितच पायउतार होत, जिने क्वचितच उतरत. जखमी पाठींच्या दुर्गंधीचे उल्लेख समकालीन वर्णनांत आहेत. बोअर युद्धात पोळलेल्या ब्रिटिश घोडदळाने मात्र वेगळी शिस्त बाणवली होती. ठराविक अंतराने उतरून घोड्याबरोबर चालायचे. थांबल्यावर तंग सैल करायचा, पण तापलेल्या पाठीवरून खोगीर एकदम ओढायचे नाही. मिटलेल्या रक्तवाहिन्या हळूहळू उघडू द्यायच्या. मग खोगीर उतरवून पाठ तळहाताने चोळायची. यात लागणारे साधन एकच : स्वाराचे दोन हात.

१९/
या कथेत मराठी शब्दाचा एक दूरचा प्रवासही आहे. शिलेदारीची पद्धत ब्रिटिश हिंदुस्थानी घोडदळाने उचलली आणि 'सिलादार' या नावाने पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली. स्वाराने रक्कम भरायची. घोडा आणि सरंजाम त्याच्या मालकीचा. १८१७ च्या पुणे करारातून पेशव्यांच्या खर्चाने उभ्या राहिलेल्या सहायक घोडदळातून पुढे पूना हॉर्स ही पलटण झाली. घोडा स्वतःचा असला की त्याची पाठ आपसूक जपली जाते, असा या पद्धतीचा एक आधार होता. महायुद्धात घोडे आणि माणसे इतक्या वेगाने खर्ची पडली की वैयक्तिक मालकीची ही घडी टिकली नाही आणि युद्धानंतर ती मोडीत निघाली.

२०/
आज घोडदळे समारंभापुरती उरली. प्रश्न मात्र तसाच आहे. शर्यतीच्या, खेळाच्या, सहलीच्या घोड्यांची पाठ आजही दुखते. आता खोगिराखाली संवेदक लावलेली चादर घालून दाबाचा रंगीत नकाशा संगणकावर पाहता येतो. तरीही दाब जिथे जास्त दिसतो, तिथे खोगीर शिवणारा कारागीर करतो काय? गादीत हात घालतो, गोळा झालेली लोकर काढतो, पिंजतो आणि पुन्हा सारखी भरतो. घोड्याचे अंग बदलले की हे काम पुन्हा. आपल्या देशात कानपूरच्या कारखान्यांतून आजही जगभर जिने जातात. ती ज्या पाठीवर पोहोचतील, तिथे ही भरती कुणाला तरी हाताने जुळवावीच लागते.

२१/
अडीच हजार वर्षांचा हा शोध एका नेमक्या वस्तूवर येऊन थांबला नाही, आणि त्याचे कारण घोड्याच्या शरीरातच आहे. सुखाचे खोगीर एकदा सापडले की प्रश्न मिटला, असे मानणाऱ्या सैन्यांनी घोडे गमावले. पाठ रोज बदलते हे मान्य करून ज्यांनी रोज हात फिरवून पाहिला, घडी वाढवली, भरती हलवली, एखादा कोस पायी चालले, त्यांचे घोडे मोहिमेच्या शेवटापर्यंत उभे राहिले. इतिहासात सेनापतींची नावे राहतात. ही भरती करणाऱ्या मोतद्दारांची आणि जीनगरांची राहत नाहीत. त्यांच्या कामाचे नाव राहिले, तेही हेटाळणीचा शब्द होऊन.

२२/
म्हणून एक सुचवणे. पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात जुने खोगीर दिसले, तर वरचे जरीकाम आणि चांदीची फुले पाहून पुढे जाऊ नका. शक्य असेल तर वाकून खालची बाजू पाहा. कण्यासाठी मोकळी फट ठेवली आहे का? दोन्ही गाद्या सारख्या झिजल्या आहेत की एकच? कुठे ठिगळ, कुठे नंतर भरलेली जास्तीची भरती, कुठे मुद्दाम ठेवलेली पोकळी दिसते का? वरची बाजू मालकाची ऐपत सांगते. खालची बाजू त्या घोड्याविषयी सांगते, आणि त्याला काय दुखते आहे हे ओळखणारे कुणी होते की नाही, हेही.

(धागा समाप्त)